किती वाजेपर्यंत थांबू?

“ताई, विमान पहाटे दीडला उतरतं. डहाणूची कुठली गाडी धरू?”

दर डिसेंबरात हा मेसेज मला कुणाकडून तरी येतोच. मी डहाणूत राहते, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, आणि आमच्या पसरलेल्या गोतावळ्यात ‘गाड्यांचं तिला विचारा’ अशी माझी ख्याती आहे. एक मामेबहीण जर्मनीत, एक भाचा मालवाहू जहाजावर, दोघं-तिघं आखातात. तसं परदेश हे प्रकरण या तालुक्याला नवं नाही. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची चित्रं १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागली होती, तेव्हा आमच्यातल्या निम्म्या लोकांकडे पासपोर्टही नव्हता. आता पासपोर्ट आहेत, तिकिटं आहेत, फोनवर विमान नकाशावर सरकताना दिसतं. तरी शेवटचा प्रश्न तोच: विमान आणि गाडी यांच्या मध्ये किती वेळ ठेवू?

आधी मी फक्त गणित करून द्यायचे. गणित सोपं नाही, पण जमतं. सहारच्या टर्मिनल दोनवर विमानाची चाकं टेकली म्हणजे माणूस मुंबईत आला असं होत नाही. विमान जागेवर लागणार, पासपोर्टची रांग, मग बॅगांचा पट्टा. त्या पट्ट्यावर आपली बॅग सोडून सगळ्यांच्या बॅगा आधी येतात हा निसर्गनियम आहे. मग कस्टम्स. बाहेर पडेपर्यंत दीड तास कुठे गेला कळत नाही. युरोपातून, आखातातून येणारी पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतर उतरतात, आणि पश्चिम रेल्वेच्या लोकल साधारण एकपासून चारपर्यंत झोपलेल्या असतात. मेट्रोही. म्हणजे रात्री उतरलेल्याने अंधेरीपर्यंत रिक्षा किंवा टॅक्सी करायची आणि पहिल्या लोकलची वाट बघायची. तीही विरारपर्यंतच. पुढचे चौसष्ट किलोमीटर म्हणजे वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव आणि मग डहाणू. इथपर्यंत लोकल यायला २०१३ चा एप्रिल उजाडावा लागला. थेट डहाणू लोकल मोजक्या. एक चुकली की विरारच्या फलाटावर वडापाव खात पुढच्या गाडीपर्यंत बसायचं. लांब पल्ल्याच्या गाड्या बोरिवलीला मिळतात, पण त्यांतल्या कितीतरी डहाणूला न थांबता धडधडत निघून जातात. बॅगेसह दारात उभं राहून आपलं स्टेशन मागे जाताना पाहणं हा अनुभव एकदा घेण्यासारखा आहे, दुसऱ्यांदा नाही.

आणि डहाणूला पोचलं म्हणजे संपलं असंही नाही. या पट्ट्यातल्या स्टेशनांच्या नावांकडे कधी नीट पाहिलंय? केळवे रोड, डहाणू रोड, बोर्डी रोड, उंबरगाव रोड. नावातला ‘रोड’ रेल्वेने प्रामाणिकपणे लावलेला आहे. गाव इथे नाही, गावाचा रस्ता इथून सुरू होतो, पुढचं तुमचं तुम्ही बघा, असा त्याचा अर्थ. तलासरीला तर तेवढंही नाही. महामार्ग गावाला लागून जातो, बुलेट ट्रेनचा मार्गही तालुक्यातून जातोय, पण तिची स्टेशनं विरारला, बोईसरला आणि मग एकदम गुजरातेत वापीला. त्यामुळे तलासरीचा माणूस डहाणूला उतरून एसटी किंवा शेअर जीप धरतो, नाहीतर पुढे गुजरात हद्दीतल्या उंबरगावला किंवा संजाणला उतरतो. जर्मनीहून निघालेल्याचा प्रवास अशा रीतीने जीपमधल्या चौथ्या सीटवर, कुणाच्या तरी भाजीच्या पाटीशेजारी संपतो.

हे सगळं मांडून मी आकडा द्यायचे: “मध्ये पाच तास ठेव.” त्यावर मामेबहिणीशी जे भांडण झालं, त्यामुळे हा लेख लिहिते आहे.

ती म्हणाली, “पाच तास? माझी रजा नऊ दिवसांची आहे. त्यातले पाच तास मी विमानतळावर खुर्चीत बसून घालवू? आईजवळ बसायचे तेवढे कमी झाले ना.” तिने दोन तासांवर गाडी काढली.

तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही. अजूनही पुरतं येत नाही. ज्यांनी नऊ दिवसांत आई, बाबा, सासर, दाताचा डॉक्टर, बँकेची केवायसी आणि दोन लग्नं बसवली आहेत, त्यांना ‘मोकळा वेळ ठेवा’ असं सांगणं म्हणजे भुकेल्याला ताटात थोडं टाकायला सांगण्यासारखं आहे. मोकळा वेळ त्यालाच परवडतो ज्याच्याकडे तो आहे. पण तिच्या हिशेबात एक माणूस धरलेला नव्हता. तलासरीहून पहाटेच्या पहिल्या गाडीने डहाणू स्टेशनावर येऊन बसणारे तिचे वडील, म्हणजे माझे मामा.

विमान आणि रेल्वे यांच्या मधली ती फट कायद्याच्या दृष्टीने कुणाचीच नसते. एका तिकिटावर दोन विमानं असतील तर पहिलं उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं की पुढे पोचवण्याची जबाबदारी विमान कंपनीची. म्हणून कंपन्या प्रत्येक विमानतळासाठी किमान इतकी मिनिटं मध्ये हवीतच, असा नियम ठरवतात आणि त्याहून कमी अंतराचं तिकीट विकतच नाहीत. भारतीय रेल्वेनेही २०१९ पासून दोन गाड्यांचे पीएनआर जोडायची सोय दिली आहे. पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी हुकली तर दुसरीचे पैसे परत मिळू शकतात. जर्मनीत काही विमान तिकिटांत रेल्वेही जोडलेली असते, विमानाचा नंबर गाडीलाच दिलेला असतो. आपल्याकडे विमान ते लोकल हे अंतर मात्र ज्याचं त्याने पार करायचं. दोन्ही बाजूंच्या दोन यंत्रणा आपापल्या जागी बरोबर असतात आणि मधे माणूस बॅग घेऊन पळत असतो.

असं नेहमीच नव्हतं. १९२८ च्या सप्टेंबरात मुंबईहून पेशावरला जाणारी फ्रंटियर मेल सुरू झाली. हंगामात ती थेट बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरच्या स्टेशनातून सुटायची, म्हणजे विलायतेच्या बोटीतून उतरलेले साहेब लोक दोन पावलं चालून डब्यात बसत. ती धावायची याच रुळांवरून, डहाणूवरून, सुरत-बडोद्याच्या वाटेने. आज ती गोल्डन टेम्पल मेल या नावाने धावते. म्हणजे लांबच्या प्रवासाहून आलेल्याची गाडी चुकू नये यासाठी अख्खं स्टेशन धक्क्यापर्यंत नेता येत होतं. प्रश्न एवढाच की कुणासाठी. आखातातून दोन वर्षांनी घरी येणाऱ्या वेल्डरसाठी गाडी विमानतळाच्या दाराशी येत नाही. ज्यांचा वेळ महत्त्वाचा मानला जातो त्यांच्या वाटेतल्या फटी दुसरं कुणीतरी बुजवतं, बाकीचे आपल्या पायांनी बुजवतात.

हेच मोजमाप घरातही चालतं, आणि तिथे ते जास्त बोचतं. भांडणानंतरच्या वर्षी मामेबहिणीचं जर्मनीहून येणारं विमान चार तासांहून जास्त उशिरा आलं. दोन तासांवर काढलेली गाडी अर्थातच गेली. युरोपातून निघालेल्या विमानांना तिथला नियम असा आहे की लांबच्या प्रवासात एवढा उशीर झाला आणि कंपनीला सबळ कारण देता आलं नाही, तर प्रवाशाला ६०० युरोपर्यंत भरपाई मिळते. तिने चिकाटीने अर्ज केले आणि तिला मिळाली. तिच्या त्या तासांना भाव होता, तो तिला चुकता झाला. मामा सकाळी सहापासून पावणेएकपर्यंत डहाणूच्या फलाटावर बसले होते. त्यांच्या तासांचा अर्ज कुठे करायचा हे कुठल्याच नियमात नाही. त्या पैशांतून तिने मामांना नवा मोबाईल घेतला. मी म्हटलं, बरं झालं, पुढच्या वेळी वाट बघताना व्हिडिओ तरी बघतील. ती हसली नाही.

आपण किती वेळ मध्ये ठेवतो हा वरवर स्वतःच्या जोखमीचा प्रश्न वाटतो. चुकली गाडी तर चुकली, माझी मी बघेन. पण येणारा माणूस एकटा येत नाही. त्याच्या येण्याला कुणीतरी दुसऱ्या टोकाला धरून ठेवलेलं असतं. जीपवाल्याला सांगून ठेवलेलं असतं, कुणी दुकान उशिरा उघडणार असतं, कुणी दोनदा चहा गरम करणार असतं. मध्ये ठेवलेला वेळ कमी केला म्हणजे अनिश्चितता कमी होत नाही, ती फक्त पुढच्या माणसाकडे सरकते. पाच तास ठेवले तर ते माझ्या खिशातून जातात. दोन ठेवले तर उरलेले तीन कदाचित मामांच्या खिशातून जातील, आणि ते मागायचेही नाहीत. निवृत्त माणसाचा वेळ फुकट असतो असं आपण गृहीत धरतो. मामा एसटीत कंडक्टर होते, त्यांनी अख्खं आयुष्य मिनिटांवर काढलं. त्यांचा वेळ फुकट कधीपासून झाला?

मोकळ्या वेळाला आणखी एक बाजू आहे, ती मला एका जुन्या कादंबरीने दाखवली. ज्यूल व्हर्नचा फिलिअस फॉग ऐंशी दिवसांत जगाला फेरी मारायला निघतो, ते आपल्यातल्या बऱ्याच जणांनी शाळेत वाचलेलं असतं. तो २० ऑक्टोबर १८७२ रोजी मुंबईत उतरतो, वेळापत्रकाच्या दोन दिवस आधी. दुपारी साडेचारला बोटीतून उतरतो आणि रात्री आठच्या गाडीने कलकत्त्याला निघतो. साडेतीन तासांची फट, विमानतळाच्या हिशेबाने फार नाही. पण खरी गंमत पुढे आहे. वाटेत एका विधवेला जबरदस्तीने सती द्यायला नेत आहेत हे कळतं तेव्हा हा यंत्रासारखा माणूस हिशेब करतो, आपल्याकडे बारा तास शिल्लक आहेत हे बघतो, आणि ते तिला वाचवण्यासाठी खर्च करतो. शिल्लक नसती तर? कादंबरीतल्या फॉगचा स्वभाव बघता तो थांबला असता की नाही, मला शंका आहे.

हे कादंबरीपुरतं नाही. अमेरिकेत १९७३ साली डार्ली आणि बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन बोलायचं होतं. काहींना बोलण्यासाठी दिलेला विषय होता बायबलमधल्या त्या गोष्टीचा, जिच्यात एक परका माणूस रस्त्यात पडलेल्या जखमीला मदत करतो. वाटेत एक माणूस कण्हत बसवून ठेवला होता. ज्यांना ‘तुम्हाला उशीर झालाय’ असं सांगितलं होतं त्यांच्यातले दहा टक्के थांबले. ज्यांच्याकडे वेळ होता त्यांच्यातले त्रेसष्ट टक्के. मदतीवर बोलायला निघालेला विद्यार्थीसुद्धा घाईत असला तर कण्हणाऱ्याला ओलांडून जायचा. म्हणजे आपण ज्याला चांगुलपणा म्हणतो त्यातला मोठा भाग वेळापत्रकात आधीच ठरून गेलेला असतो. विरारला जिना चढताना एखाद्या म्हातारीची पिशवी आपण उचलतो की नाही, हे आपण तिकीट काढताना ठरवलेलं असतं.

इतकं लिहूनही मला माझ्या मामेबहिणीवर निकाल द्यायचा नाही, त्याचं एक कारण आहे. तिच्याच विमानात, तिच्याइतकीच घट्ट वेळ ठेवून आलेला कुणीतरी आदल्या आठवड्यात नीट पोचला असेल. त्याला घरच्यांनी म्हटलं असेल, काय परफेक्ट जमवलंस! ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स आणि अमेरिकन टॉमस नेगेल यांनी १९७६ साली या कोड्याला नाव दिलं. ते ज्याला म्हणतात त्याला मराठीत नैतिक नशीब म्हणता येईल. दोन माणसं अगदी सारखा निर्णय घेतात, एकाच्या वाटेत काही येत नाही, दुसऱ्याच्या वाटेत येतं, आणि आपण एकाला हुशार नि दुसऱ्याला बेजबाबदार ठरवतो. निर्णय तर सारखाच होता. १६ एप्रिल २०२४ ला दुबईत असा पाऊस झाला की विमानतळाचंच तळं झालं. त्याच वर्षी २८ मे रोजी पालघर स्टेशनात मालगाडी घसरली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत आमच्याकडच्या गाड्यांचा बोजवारा उडाला. २०१८ च्या जुलैत नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी चढून लांबच्या गाड्या अडकल्या होत्या. त्या दिवशी पाच तास ठेवणाराही पोचला नाही आणि दोन ठेवणाराही नाही. म्हणून मी निर्णय कसा निघाला यावरून तो मोजत नाही. तो घेताना कुणाकुणाला धरलं होतं, ते बघते.

मग धरायचं म्हणजे करायचं काय? पहिलं उत्तर मला वाटलं ते असं: वाट बघणाऱ्याला मोकळं करा. येण्याची वेळ सांगूच नका. डहाणूला उतरल्यावर फोन करा, नाहीतर सरळ जीप धरून घरी या. मामेबहिणीला हे पटलं. पुढच्या वर्षी तिने मामांना कळवलं, “बाबा, स्टेशनवर येऊ नका, मी पोचते.” मी सकाळी सात वाजता दूध आणायला निघाले तर मामा फलाट एकच्या बाकावर. पायाशी पिशवी, पिशवीत तिच्यासाठी घरून उकडून आणलेल्या शेंगा.

मी म्हटलं, “मामा, तिने सांगितलं होतं ना येऊ नका म्हणून?”

“घरी बसून वाट बघायची ती इथे बसून बघतो,” ते म्हणाले. “इथे निदान गाड्या तरी दिसतात.”

माझं पहिलं उत्तर तिथेच पडलं. वाट बघणं हा नेहमीच भुर्दंड नसतो, कधीकधी वाट बघणाऱ्याच्या हातात उरलेलं ते एकच काम असतं. मुलीच्या आयुष्यातलं बाकी सगळं आता तिकडे चालतं: नोकरी, घर, नवऱ्याशी भांडणं, डॉक्टर. मामांच्या वाट्याला दोनच गोष्टी उरल्यात, शेंगा उकडणं आणि बाकावर बसणं. तिने प्रेमाने त्यांना त्यातूनही मोकळं करायला निघणं हे एका अर्थी त्यांना घरातून काढण्यासारखंच झालं. कुणी कुणासाठी थांबायचं हे फक्त येणाऱ्याने ठरवायचं नसतं.

मग कोणी ठरवायचं, आणि कसं? याचं उत्तर मला तलासरीत मिळालं, अशा दिवशी की ज्या दिवशी मी ते शोधत नव्हते.

चारेक वर्षांपूर्वी, मे महिन्यात, मामांच्या शेजारचे काका गेले. संध्याकाळी सातला. मुलगा आखातात वेल्डर. त्याच्या मालकाने रात्रीतच पासपोर्ट हातात दिला, मित्रांनी तिकीट काढलं, पहाटे चारला मुंबईत उतरणारं विमान मिळालं. म्हणजे नऊ-साडेनऊपर्यंत तो घरी. उंबरगावहून बर्फाच्या लाद्या आणल्या, अंगणात मांडव होताच लग्नसराईचा, तोच राहू दिला. सकाळी सातपासून माणसं जमली. तेव्हा कळलं की विमान अजून तिकडेच आहे. मुलाचा फोन आला, “आता बसवतायत.”

फोन गावातल्या एका वडीलधाऱ्यांच्या हातात होता. त्यांनी विचारलं, “पोरा, थांबायचं का?”

“तुम्ही ठरवा,” तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

मला तेव्हा वाटलं, किती समजूतदार मुलगा. आता वाटतं, त्या अवस्थेत त्याला दुसरं काही बोलता येणं शक्यच नव्हतं, पण त्या दोन शब्दांनी अंगणातल्या सगळ्यांचे हात बांधले. बाप गेलेल्या मुलासाठी थांबू नका, असं कोण म्हणणार? कुणी म्हणालं नाही. सगळे थांबले. मे महिन्यातलं तलासरी, नऊ वाजल्यापासून पत्रा तापायला लागला. जमलेल्यांत निम्मी पोरं उंबरगावच्या जीआयडीसीत रोजावर जाणारी. पहिल्या पाळीची सुट्टी होऊन गेलेलीच होती. कुणी घड्याळ बघत नव्हतं, म्हणजे सगळे बघत होते, दुसऱ्याला दिसणार नाही अशा बेताने. लाद्या वितळून पाणी अंगणाच्या कडेने वाहायला लागलं. बायका ते खराट्याने वळवत होत्या.

दहाच्या सुमाराला काकू आतून बाहेर आल्या. ज्यांचा नवरा त्या मांडवात होता आणि मुलगा आभाळात होता त्या काकू. कुणी त्यांना विचारलं नव्हतं, सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की त्या म्हणणार थांबा. त्या म्हणाल्या, “बारापर्यंत थांबू. मग उचला.”

एवढंच. आणि अंगणातली हवा बदलली. लोक बसले. कुणीतरी चहा टाकला. ज्याला कामावर कळवायचं होतं त्याने बाजूला जाऊन फोन केला. आता वाट बघण्याला शेवट होता. आमच्या घरात इतकी वर्षं चुकीचा प्रश्न विचारला जात होता, हे मला तिथे कळलं. आपण विचारतो, किती वाजता येशील? त्याचं खरं उत्तर येणाऱ्याकडे नसतंच, ते ढगांकडे, रुळांकडे आणि बॅगांच्या पट्ट्याकडे असतं. विचारायचं असतं, किती वाजेपर्यंत थांबू? याचं उत्तर देता येतं, पाळता येतं, आणि ते थांबणाऱ्याच्या हातात असतं.

सव्वाअकराला मुलाचा फोन आला. उतरलो, टॅक्सी करतोय. सहारहून तलासरी, वाटेत घोडबंदरची ट्रॅफिक. तीनच्या आत काही तो येत नव्हता. सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. काही जणांना वाटलं असेल, आता त्या बदलतील. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा बसल्या. बाराला उचललं. पुतण्याने अग्नी दिला.

मुलगा सव्वातीनला आला. तो थेट स्मशानात गेला, तिथून परत येऊन पायरीवर बसला आणि संध्याकाळपर्यंत तिथेच होता. आईला तो काही बोलला नाही. बोलले ते दुसरेच. आईचं काळीज असं कसं, तीन तासांनी काय बिघडणार होतं, एवढ्या लांबून पोर आला होता. मी पुढचे काही महिने हे ऐकत होते. विमान वेळेवर सुटलं असतं तर मुलगा नऊला मांडवात असता, आणि बाराची ती मर्यादा कधी घालावीच लागली नसती. साडेअकराला पोचला असता तर काकूंचं शहाणपण गावात वर्षभर सांगितलं गेलं असतं. ते विमान एका परक्या देशात धावपट्टीवर उभं राहिलं म्हणून त्या निष्ठुर ठरल्या. मला त्या निष्ठुर वाटल्या नाहीत. त्या चूक होत्या असंही वाटत नाही, मुलगा पायरीवर बसलेला मी पाहिला आहे तरीही. बारा हा शब्द त्यांनी सगळ्यांसमोर दिला होता, स्वतःच्या मुलासाठी तो मोडला असता तर अंगणातल्या प्रत्येकाला कळलं असतं की आपला वेळ मोजलाच गेला नव्हता.

मामेबहिणीला मी ही गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “माझ्या बाबांना कोण सांगणार बारापर्यंतच?” तिने त्यानंतर एक पद्धत काढली आहे. ती गाडीची वेळ कळवत नाही, मामांनाच विचारते की ते कितीच्या गाडीपर्यंत बसणार आहेत. मामा एसटीतल्या जुन्या सवयीने नेमकी वेळ सांगतात, साडेदहाची लोकल म्हणा, आणि त्या लोकलमध्ये ती नसली तर उठून तलासरीची जीप धरतात. निदान धरतो असं सांगतात. मी त्या वेळी मुद्दाम स्टेशनाकडे जात नाही.

काकूंना मी एकदाच विचारलं, बऱ्याच दिवसांनी, त्यांच्या ओसरीवर वाल सोलत असताना. बाराच का? अकरा का नाही, एक का नाही?

त्यांनी मान वर केली नाही. “तीनची पाळी होती पोरांची,” त्या म्हणाल्या. “बाराला उचललं तर दोनपर्यंत आंघोळ करून निघता येतं. सकाळची पाळी तर बुडलीच होती त्यांची.”

थोड्या वेळाने त्यांनी आपणहून सांगितलं की त्या दिवशी नऊ जण पाळीवर गेले होते. नऊही जणांची नावं त्यांना माहीत होती.